अकरा पायऱ्यांचा मुक्काम

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचे लिहिताना हात अडखळणार नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, होळकरांच्या पलटणीत होता. लढाईच्या दिवसांत एका अपघातात त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली गेले. तेव्हापासून तो छत्रीबागेत आमच्या दोन खोल्यांत, आमच्याबरोबर राहतो. हाताने दांडा फिरवून चालवायची एक तीनचाकी गाडी त्याने मिस्त्रीच्या डोक्यावर बसून करून घेतली आहे. त्या गाडीवरून त्याने सगळे इंदूर पालथे घातले, आणि गेल्या दसऱ्याच्या सुमारास जेवताना जाहीर केले की आता तो एकटा नर्मदेपर्यंत जाणार. आग्रा-मुंबई रस्त्याने राऊ, महू, मानपूर, मग घाट उतरून खलघाट. पन्नास मैल. दिवसाला दहा-बारा मैल धरायचे आणि येताना गाडी एखाद्या ट्रकवर टाकून परत यायचे.

"सोबत कोणी घ्या," माझी बायको शांता म्हणाली.

"सोबत नको. सोबत असली की लोक सोबत्याशीच बोलतात. 'इनको पानी चाहिए क्या?' म्हणून त्याला विचारतात. तहान मला लागलेली असते." मग तो माझ्याकडे वळला. "मला एवढंच पाहिजे बाळू, की मुक्कामाला कोणी उचलून आत न्यायला लागू नये. ते तू बघ. बंगले तुझ्याच खात्याचे आहेत."

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन आहे. राजधानी भोपाळला गेल्यापासून आमच्या कचेरीत टेबले जास्त आणि माणसे कमी, त्यामुळे वेळ भरपूर होता. मी विश्रामगृहांच्या फायली काढल्या, मुक्काम ठरवले, दादाच्या नावाचे परवाने करून आणले. घाटाखालच्या एका जुन्या बंगल्याचा मी फक्त वरून दिसणारा नकाशा पाहिला. खोली रुंद, न्हाणीघर लागून, दार प्रशस्त. छेद दाखवणारा कागद त्याच फायलीत खाली होता. तो मी उलटला नाही. निमाडच्या काळ्या मातीत जोते उंच घ्यावे लागते, हे मला झोपेतही सांगता येईल. तरी उलटला नाही.

पाचव्या दिवशी दादा एका ट्रकमधून परत आला. उजवे मनगट मोडलेले, गाडीचे पुढचे चाक वाकडे. "पुलियापाशी गाडी उलटली," एवढेच त्याने सांगितले. ती पुलिया, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, ठरलेल्या बंगल्याच्या पुढे होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी तो खालचा कागद पाहिला: जोते साडेपाच फूट, पायऱ्या अकरा. फायल बांधून ठेवली आणि घरी येऊन शेजारच्या तात्यांना, शांताला, विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, "मुक्काम ठरवून दिला होता. पण दादा हट्टी. दिवस मावळत असताना पुढे निघाला." दादा पलीकडच्या खोलीत होता. त्याने ऐकले असणार. 

प्लॅस्टर निघाले. मूठ हळूहळू वळू लागली. मिस्त्रीने चाक सरळ करून दिले. पण दादाने गाडी मागितली नाही. ती जाळीपाशी उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. एका सकाळी शांता म्हणाली, "अहो, दादा आता ओट्यावरसुद्धा येत नाहीत." त्या आठवड्यात मी पाच दिवसांची रजा टाकली. ठरवले की दादा ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने आपण एकट्याने जायचे, प्रत्येक मुक्काम स्वतः मोजायचा, आणि त्याच्या हातात खरी यादी ठेवायची. क्षमा मागायची, असे काही तेव्हा ठरवले नव्हते. यादीतच काय ते येईल, असे मला वाटत होते.

महू

पौषातली थंडी होती. सायकलच्या दांड्याला पिशवी, पिशवीत वही, मोजपट्टी आणि शांताने दिलेल्या दशम्या. दादा खिडकीशी बसला होता.

"ऑफिसचं काम?"

"नाही. रजा घेतली. खलघाटपर्यंत जाऊन येतो."

त्याने पेपर खाली ठेवला. "शेहेचाळीस वर्षांचा तू, सायकलने घाट उतरणार?"

"तू उतरलास ना."

"मी बसून उतरलो. तुला पायांवर उतरायचंय. गुडघे बोलतील."

एवढे बोलून त्याने पेपर पुन्हा वर धरला.

राऊपर्यंत दोन्ही बाजूंना गहू, मधूनच हरभऱ्याचे पट्टे. मी ठरवले होते की रस्ता दादाच्या उंचीवरून बघायचा, म्हणून मैलाच्या दगडांवर बसत बसत गेलो. तेवढ्या उंचीवरून गव्हापलीकडचे काही दिसत नाही. ट्रकची चाके मात्र पूर्ण दिसतात, आणि ट्रक गेल्यावर जी धूळ उठते ती थेट तोंडात येते. दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. दादाने हे सबंध रस्ताभर सोसले होते आणि घरी येऊन धुळीबद्दल एक अक्षर काढले नव्हते.

महूत दादाच्या पलटणीतले जुने हवालदार राहतात. पहिला मुक्काम त्यांच्याकडे होता. त्यांच्या घराला तीन पायऱ्या. मी मोजपट्टी काढली तसे ते हसायला लागले.

"टेप घेऊन काय करतो भिया?"

"काका, दादा आत कसा आला?"

"कसा म्हणजे? मी संडासाचं दार उखडलं आणि पायऱ्यांवर आडवं टाकलं. गाडी सरळ वर. सकाळी दार परत लावून दिलं."

काकू आतून म्हणाल्या, "रातभर पडदा लावून काम चालवलं आम्ही. शरम आली मला. पण दादा म्हणाले, वहिनी, मला आंधळा समजा."

दोघे त्या आठवणीने पुन्हा हसले. रात्रीच्या जेवणाला दाळ आणि बाफले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. इंदुरात आम्ही बाफले सणासुदीला करतो, इथे पाहुणा आला की गोवऱ्या पेटतात. मी दोन खाल्ले. काका म्हणाले, "तुझ्या दादानं चार उडवले होते." वहीत मी लिहिले: पायऱ्या तीन, प्रत्येकी सात इंच, साडेसहा फुटी फळी पुरेल. लिहिताना लक्षात आले, की काकांनी काहीच मोजले नव्हते. त्यांच्याकडे फळी नव्हती, तर त्यांनी दार काढले.

मानपूर

महूच्या पुढे मुलूख सुना होतो. साग, पळस, वाळलेले गवत, आणि तासातासाला एखादी बैलगाडी. मी एकटा कधी फिरलेलो नाही. आधी आईबरोबर, मग शांताबरोबर, आणि साहेबांच्या दौऱ्यात जीपच्या मागच्या बाकावर. त्या दुपारी दशम्या खाताना समोर कोणी नव्हते, आणि चटणी कमी तिखट आहे हेही कोणाला सांगता येत नव्हते. दादाला असा एकटेपणा हवा होता. मला तो अंगावर येत होता. पुढे एका ठिकाणी काट्यावरून जाऊन मागचे चाक बसले आणि दोन मैल सायकल हातात धरून चाललो, तेव्हा मी चक्क त्या सायकलशी बोलू लागलो.

मानपूरच्या बंगल्याला पुढून सहा पायऱ्या आहेत. त्या मी फायलीत पाहिल्या होत्या, आणि मागच्या न्हाणीघराचे दार जमिनीला लागून आहे हेही पाहिले होते. हे दार मेहतरासाठी ठेवलेले असते. दादाला सांगताना मी "मागून सोय आहे" एवढेच म्हटले होते.

चौकीदाराने मला ओळखायच्या आधी मोजपट्टी ओळखली. "साहब, मरम्मत है क्या?"

मी दादाचे विचारले. त्याचा चेहरा खुलला. "वो तीन पहिये वाले साहब? सीताफल के मौसम में आए थे। एक टोकरी अकेले खा गए। बीज सब एक लाइन में जमाकर रखे, बोले ये मेरी पलटन है।"

"आत कोणत्या दारानं आले?"

"पीछे के। मुझे अच्छा नहीं लगा साहब, पर वो बोले, जो दरवाज़ा मुझे अंदर ले ले वो मेरा। फिर बोले, रजिस्टर में लिख, साहब सामने से आए।"

त्याने रजिस्टर आणून दाखवले. दादाचे अक्षर मोठे आणि उभे आहे. येण्याचे कारण या रकान्यात वरच्या सगळ्यांनी 'निरीक्षण', 'शासकीय दौरा' असे लिहिले होते. दादाने लिहिले होते, 'फिरणे'.

मी त्या मागच्या दाराने आत गेलो. उंबरा चार इंच, दार सव्वादोन फूट, गाडी जेमतेम जाईल. आत लाकडी खुर्चीचा कमोड होता, साहेबलोकांच्या काळातला, आणि दादासारख्याला त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. ते वहीत लिहिले. पण ज्या दाराने मी स्वतः कधी गेलो नसतो ते भावासाठी ठरवताना माझ्या मनात काही आले नव्हते, हेही लिहायला हवे होते. ते तेव्हा लिहिले नाही, इथे लिहितो आहे.

घाट

मानपूरच्या पुढे माळवा संपतो. रस्ता एकदम खाली वळतो आणि समोर निमाड दिसते, धुरकट आणि सपाट. वर मफलर लागत होता, दोन वळणे उतरल्यावर स्वेटर काढावा लागला.

गुडघे बोलले. दादाचे म्हणणे खरे ठरले. सायकलचा ब्रेक तिसऱ्या वळणावर जळका वास मारू लागला, म्हणून उतरून चालू लागलो, तरी ती मला ओढत होती. माझा एक जोडा फाटला. मग एकच विचार येऊ लागला: हा उतार दादा तीन चाकांवर कसा उतरला असेल? गाडीला ब्रेक म्हणजे एक रबराचा तुकडा. हा घाटही मी नकाशावरच पाहिला होता, आणि नकाशात तो बोटभर वाकडी रेघ आहे.

उत्तर घाटाच्या मध्यावर मिळाले. आमच्याच खात्याची गँग डांबर टाकत होती. गँगचा मुकादम, मेट, चहा करत होता. त्याने मला बसवले.

"हाँ, आए थे," तो म्हणाला. "हमने मना किया। बोले, अच्छा, मना कर दिया ना? अब चाय पिलाओ। चाय पीते-पीते हमको ही समझ में आ गया कि ये मानेंगे नहीं। फिर पीछे रस्सी बाँधी, चार आदमी पकड़कर नीचे तक छोड़ आए।"

"खालपर्यंत?"

"काम बंद रहा आधा दिन। किसी को बोलना मत।"

एक मजूर बाई डोक्यावरची पाटी उतरवत म्हणाली, "गाते थे। रस्सी हम खींचें, गाना वो गाएँ।" सगळे हसले. तिने मला पानिये दिले. मक्याचे पीठ खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. वरचे पान जळून जाते आणि त्याचा वास आत राहतो. आमच्याकडे मका भुट्ट्याच्या दिवसांत किसून खातात, त्याची अशी भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली.  रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने दादासाठी काहीतरी केले होते, आणि कोणाचाही तो भाऊ नव्हता.

उंच जोत्याचा बंगला

त्या बंगल्याचे नाव लिहीत नाही. बंगल्याचा काही दोष नाही. तो काळ्या मातीत उभा आहे आणि म्हणून उंच आहे.

मी पोचलो तेव्हा तिसरा प्रहर होता. कापूस वेचून झालेली शेते, मधोमध बंगला, आणि रस्त्यावरूनच दिसणाऱ्या अकरा दगडी पायऱ्या. फाटकापासून त्या कोणालाही मोजता आल्या असत्या. चौकीदार म्हातारा होता. त्याने माझ्यासाठी वर खोली उघडली आणि पाणी आणायला गेला. तो नाही असे पाहून मी खालच्या पायरीवर बसलो, पाठ वरच्या पायऱ्यांकडे केली आणि हातांवर जोर देत, पाय उचलून धरून, एकेक पायरी वर सरकू लागलो. चौथ्या पायरीवर तळहात सोलले. सहावीवर दंड थरथरू लागले, आणि मी पाय टेकले.

म्हातारा कळशी घेऊन बघत उभा होता. तो कळशी ठेवून माझ्या शेजारी, एक पायरी सोडून, बसला.

"आप उनके क्या लगते हो?"

"भाई."

"नक्शे वाले?"

मी मान हलवली. त्याला कसे माहीत हे मला समजेना.

"शाम होने को थी," तो म्हणाला. "फाटक पर रुके, सीढ़ी देखी, हँसे। मैंने कहा, साहब, मैं पीठ पर उठा लूँ। बोले, नहीं बाबा, तेरी पीठ मुझसे पुरानी है। मैंने कहा, नीचे बरामदे के पास खटिया डाल दूँ, कंबल दे दूँ। सोचने लगे। फिर कागज़ निकाला। मैंने कहा, कागज़ पर तो इसी बंगले का नाम है। बोले, नाम में बाबू लोगों ने गड़बड़ की है। मेरा भाई नक्शे बनाता है, वो बिना देखे नहीं लिखता। उसने ज़रूर कोई और बंगला देखा होगा। आगे है कोई? मैंने कहा, है, दो मील पर, नया। बोले, बस, वही है। अँधेरा होने से पहले पहुँच जाऊँगा।"

 कापसाच्या शेतातून कोणीतरी बैलांना हाका मारत होते.

"मैंने रोका था साहब। पर वो बड़े खुश होकर गए। जैसे ग़लती पकड़ ली हो।"

घरी मी ज्याला हट्ट म्हणत होतो तो हा होता. दादा पुढे गेला, कारण मी चुकणार नाही असे त्याने धरले होते. म्हाताऱ्याने मूगडाळ आणि ज्वारीची भाकरी केली, वर लाल मिरचीचा ठेचा. निमाडातली मिरची माळव्याच्या जिभेला सोसत नाही. डोळ्यांतून पाणी आले, आणि त्याबद्दल दोघांनीही मिरचीलाच जबाबदार धरले.

दुसरा बंगला

सकाळी दोन मैल पुढे गेलो. मधली पुलिया अरुंद आहे, कठडा नाही, आणि उतरताना डावीकडे खडी पसरलेली असते. वहीत मी ठिकाण नोंदले. त्या खडीत दादा पडला होता आणि एका ट्रकवाल्याला दिसेपर्यंत तिथेच पडून होता.

तिथून बंगला दिसतो. अर्धा मैलही नाही. मुरमाची जमीन, त्यामुळे जोते जेमतेम फूटभर, आणि मोटार व्हरांड्याला लागावी म्हणून पुढे गुळगुळीत उतार. दार साडेतीन फूट. न्हाणीघराला उंबरा नाही. तीनचाकी एखाद्या साहेबाच्या गाडीसारखी सरळ आत जाईल. मी सगळे मोजले. मोजायची गरज नव्हती. ही मापे मला पाठ होती.

आता ते लिहितो. दादासाठी मुक्काम ठरवताना हा बंगला माझ्या समोर होता. त्याच आठवड्यात आमचे मोठे साहेब तिथे कॅम्पला येणार होते. त्यांच्या कॅम्पात माझ्या भावाने हाताने दांडा फिरवत, धुळीने माखून, पाय नसलेले धोतर खोचून यावे, आणि "मी तुमच्या ड्राफ्ट्समनचा भाऊ" असे मोठ्याने सांगावे, हे माझ्या डोळ्यांपुढे आले. दादा सांगितल्याशिवाय राहिला नसता. म्हणून मी हा कागद बाजूला सरकवला आणि दोन मैल अलीकडचा ओढला. तो ओढल्यावर नीट पाहिलासुद्धा नाही, कारण तो सोयीचा नसेल हे मनात कुठेतरी होते, आणि ते मला कळायला नको होते. आळस ही माझी लहान चूक. मोठी ही.

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो नाही. उतारावरच बराच वेळ बसून राहिलो. माळ्याने येऊन विचारले, कोणाची वाट बघता? मी नाही म्हटले.

खलघाट

धामनोदवरून पुढे नर्मदेपर्यंतचा रस्ता सपाट आहे. दादा इथे आला असता तर गात आला असता. मला गाणे सुचले नाही.

नदी रुंद आणि शांत होती. घाटाला पायऱ्याच पायऱ्या, ओल्या, शेवाळलेल्या. बायका दिवे सोडत होत्या. एका नावाड्याने विचारले, "पार जाना है?" मी म्हटले, नाही, मला पाण्यापर्यंत जाणारा उतार हवा आहे. त्याने माझ्या दोन धड पायांकडे पाहिले आणि पुढे होऊन दाखवला. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, वाळू भरायला बैलगाड्या उतरतात तिथे, घट्ट वाळूचा रुंद उतार आहे. गाडी थेट पाण्यात जाते. चाके बुडेपर्यंत.

मी आंघोळ केली नाही. दादाच्या आधी ती करणे मला बरे वाटेना. रात्र धर्मशाळेत काढली, सकाळी वाळूत बसून वहीतली यादी स्वच्छ अक्षरात उतरवली आणि दुपारच्या बसने, सायकल टपावर टाकून, निघालो. पाच दिवसांत केलेला रस्ता साडेतीन तासांत उलटा गेला. घाट चढताना गँग दिसली. मेटाने बसला हात केला, मला नव्हे. मी आतून उगीच हात हलवला.

छत्रीबाग

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दादा खिडकीशी होता, शेजारचे तात्या खुर्ची ओढून बसले होते, शांता चहा गाळत होती. मी वही दादाच्या मांडीवर ठेवली आणि समोर स्टुलावर बसलो.

त्याने सावकाश वाचले. उजव्या हाताने पाने उलटताना त्याला अजून त्रास होतो. "हवालदाराचं दार लिहिलंस, ठीक... मानपूर, कमोड, वा... पुलियापाशी खडी. ती आहे बरं अजून." नर्मदेच्या उतारापाशी आला तेव्हा त्याने ते पान तात्यांना वाचून दाखवले. "चाके बुडेपर्यंत. ऐकलंत?" कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा मोठा झाला होता. "मनगट होळीपर्यंत तयार होईल. काय शांता?"

"आधी गाडीवरचे टॉवेल काढू द्या," शांता म्हणाली.

मला वाटले, झाले. यादीने काम केले. मग त्याने एक पान मागे उलटले.

"हा दुसरा बंगला," तो म्हणाला. "फूटभर जोतं, पुढे उतार. म्हणजे होता तो खरंच. मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो होतो." त्याने माझ्याकडे पाहिले. "नवा आहे ना? तुझ्या फायलीत आला नसेल तेव्हा."

"सरकारी काम आहे भिया," तात्या म्हणाले. "बंगला आधी उठतो, कागद मागून पोचतो." दादा हसला. शांताही हसली. तिघेही माझ्या 'हो'ची वाट न बघता पुढच्या गोष्टीकडे वळणार होते. दादाने पान उलटायला बोट लावलेसुद्धा.

"फायलीत होता," मी म्हणालो.

त्याचे बोट थांबले.

"दादा, त्या बंगल्याचा नकाशा मीच काढलाय. सगळी मापं मला माहीत होती. त्या आठवड्यात तिथे आमचे साहेब उतरणार होते. तू त्या गाडीवरून त्यांच्यासमोर जाशील, माझं नाव सांगशील, म्हणून मी तुला अलीकडच्या बंगल्यात धाडलं. तिथे पायऱ्या किती, ते बघितलंसुद्धा नाही. मला तुझी लाज वाटली, दादा." शांताने गाळणी खाली ठेवली. मी तात्यांकडे वळलो, कारण ते त्यांच्यासमोर बोलायचे होते. "तात्या, दादा हट्टानं पुढे गेला असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. तो माझ्यावर भरवसा ठेवून पुढे गेला." मग दादाकडे बघून, जे तो ट्रकमधून परत आला त्या दिवशीच म्हणायला हवे होते, ते म्हणालो.

"माझं चुकलं, दादा. मला माफ कर."